दगडाखाली धरलेला नंबर

शेवंताआक्काला रांगेत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. ती रांग लावायची. कोण पोटुशी आहे, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, कोण नुसतीच गप्पा मारायला आलीय, हे तिला फाटकातनंच कळायचं. मग तिचा आवाज लागायचा, "ए सखू, हो मागं. तुझा गुडगा चार वर्सं दुकतोय, आनी धा मिनिटं दुकंल." सगळ्या बाया जागच्या जागी लागल्या की ती दवाखान्याच्या खालच्या पायरीवर बसायची आणि कमरेच्या पिशवीतनं मिश्रीची डबी काढायची.

मी खिडकीतनं ओरडायची, "आक्का, इथं मिश्री लावायची नाही. पाटी वाचा जरा."

ती डबीचं झाकण लावत म्हणायची, "पाटीचं कुटं सांगताय शिष्टरबाई! पाटीवर लय काय काय लिवलंय."

शिष्टरबाई म्हणजे मी. कडेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या सरकारी दवाखान्यात मी नऊ वर्षं नर्स होते. चारी बाजूंनी ऊस, मधे हळदीची रानं, आणि गावाच्या टोकाला आमची पिवळी इमारत. घर माझं कराडला. नवरा नोकरीला पुण्यात, आठवड्यानं यायचा. मुलगी तिसरीत. शाळा सुटली की ती शेजारच्या काकूंकडं जायची, आणि काकू घरात नसल्या तर दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसायची. म्हणून फाट्यावरची साडेचारची कराड गाडी हा माझा देव होता. ती चुकली की पुढची थेट साडेसहाला. हे मी सबब म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते. पण सबबच आहे ती.

आक्काचं वय तेव्हा साठीच्या आसपास असेल. उंच, काटक, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. भांगलणीला, म्हणजे रानातलं तण खुरपायला, जाणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. कुणाच्या उसात किती बाया लागतील, कुठल्या रानात आज खुरपं चालेल आणि कुठं अजून चिखल आहे, वाफसा नाही, हे रानाचे मालक तिलाच विचारायचे. नवरा मिल्ट्रीत होता. तो असताना दोन वर्षं ती त्याच्याबरोबर कुठल्याशा छावणीत राहून आली होती, आणि त्या दोन वर्षांवर तिनं पुढची चाळीस वर्षं काढली. "लायनीत या", "फालतू बात न्हाई", "जल्दी जल्दी" हे सगळं तिकडचं. छावणीतल्या दवाखान्याचं तर तिला भारी कौतुक. "तितं कसं, शिपाई ड्युटीवरनं आला की दवाखाना उगडा. आनी हितं दवाखान्याची ड्युटी संपली की मानसानं आजारी पडायचं न्हाई!" असं म्हणून ती हसायची, आणि मीही हसायची. मला वाटायचं, म्हातारी गमतीनं बोलतेय.

गोळ्यांची नावं तिला कधी आली नाहीत. रक्तदाबाची गोळी म्हणजे "ती बारकी पांडरी", लोहाची "ती तांबडी". एकदा तर तिनं माझ्या टेबलावर पदर पसरला आणि त्यात पाच बायांच्या पाच पुड्या ओतल्या. "ही सखूची, ही यमुनाची, ही कुनाची ते तुमी सांगा." मी कपाळावर हात मारून घेतला. पण तिच्या टोळीतली एकही बाई गोळी चुकवायची नाही. रानात भाकरी सोडली की आक्का प्रत्येकीपुढं तांब्या घेऊन उभी राहायची.

भांगलताना प्रत्येक बाईनं आपापली पात धरायची असते, पात म्हणजे आपल्या वाट्याची सरी. पटापटा उरकणाऱ्या पुढं जातात, एखादी मागं राहते. आक्काच्या टोळीचा नियम असा की आपली पात संपली की बांधावर बसायचं नाही, मागं राहिलेलीच्या पातीला समोरनं लागायचं. मी एकदा लसीकरणाला जाताना हे बघितलं. एक अशक्त बाई मागं रखडत होती, आणि पुढनं चौघी तिच्या दिशेनं खुरपत येत होत्या. मधे भेटल्या, उठल्या, पाठी सरळ केल्या आणि पुढच्या सरीला गेल्या. 

आता सुरेखाचं सांगते. ते टाळून आक्काचं सांगता येत नाही.

सुरेखा आक्काची सून. मुलगा संभा बापासारखाच फौजेत, तेव्हा कुठंतरी सरहद्दीवर. सुरेखाला सातवा महिना लागला होता. त्या दिवशी टोळी लांबच्या रानात गेली होती आणि घरात ती एकटी. डॉक्टर दुपारी एक वाजता जायचे ते जायचेच. पाटीवर मात्र लिहिलेलं होतं, सकाळी नऊ ते एक, सायंकाळी चार ते सहा. त्या चार ते सहाचं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर, आणि मी ते सव्वाचारला उतरवून ठेवायची. कुणी येतच नाही, मग बसायचं कुणासाठी? दुपारच्या रकान्यात मी रोज शून्य लिहायची, आणि ते शून्यही चारच्या आधीच लिहून टाकायची.

मी कुलूप हातात घेऊन दारात उभी, आणि फाटकातनं सुरेखा आली. चालत आली होती. "शिष्टर, डोकं लय दुकतंय वं. डोळ्यापुडं अंधारी येतीया." मी तिच्याकडं बघितलं. पाय सुजलेले होते, चेहरा सुजलेला होता. मला दिसलं होतं ते. मी नर्स आहे, मला दिसणारच. रक्तदाब बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

मी म्हणाले, "उद्या सकाळी ये. डॉक्टर असतील."

पहाटे तिला झटके आले. जीपमधनं सांगलीला नेली. सुरेखा वाचली, बाळ वाचलं नाही.

संभा रजा काढून आला, चार दिवस पारावर बसला आणि गेला. मी रोज कामावर जात होते आणि रोज वाट बघत होते, आक्का आज येईल, आज चारचौघांत माझी खेटरानं पूजा करील. करावी असं मलाच वाटत होतं. ती बाराव्या दिवशी आली. पायरीवर बसली नाही. पाटीपुढं उभी राहिली आणि चौथीपर्यंत शिकलेलं बोट एकेका अक्षराखालनं फिरवत तिनं मोठ्यानं वाचलं, "सायंकाळी चार ते सहा."

मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे खरं हाय का?"

मी म्हणाले, "आहे. पण दुपारी कुणी येत नाही आक्का. वही बघा. शून्य आहे सगळं."

"आमी रानातनं सुटतो पाचाला. पाचाला हितं कुलूप असतंय. बंद दारावरनं मागं गेलेल्याचं नाव तुमी कुटल्या वहीत लिवता, शिष्टरबाई?"

मी पुढं केलेली वही मागं घेतली. सुरेखाचं नाव तिनं काढलं नाही. तेव्हा नाही, नंतरही कधी नाही.

दवाखान्याची एक समिती होती. सरपंच, डॉक्टर, दोन-चार मंडळी. महिन्याला बैठक व्हायची, अकरा वाजता, चहा-बिस्किटावर. गावातल्या कुणालाही येऊन बोलता येतं, असं नियमात होतं. पण अकरा वाजता भांगलणारी बाई बैठकीला कशी येणार? दिवसाचा रोजगार बुडवून? आक्कानं त्यावर जे काढलं ते कुठल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं नसतं. आमच्या भागात पैरा असतो. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात, पैशाचा संबंध नाही. आक्कानं बैठकीचा पैरा लावला. दर महिन्याला तिच्याबरोबर एक बाई बैठकीला येणार आणि तिची पात त्या दिवशी बाकीच्यांनी उचलायची. पुढच्या महिन्यात दुसरी.

पहिल्या बैठकीला ती आणि सखू आल्या. सखू भिंतीला टेकून खाली बसली. आक्का म्हणाली, "भुईवर बसल्यावर टेबलावरचा कागुद दिसत न्हाई. दोन खुर्च्या द्या." खुर्च्या आल्या. डॉक्टरांनी वाचून दाखवलं की वर्षभर दुपारी एकही रुग्ण आलेला नाही, सबब सायंकाळची वेळ पाटीवरून काढून टाकावी असा तालुक्याला प्रस्ताव जात आहे. मी माझ्या शून्यांकडं बघत बसले होते. एकेक शून्य माझ्या हातचं.

"काडू नगा," आक्का म्हणाली. "सायबास्नी बोलवा. पाच वाजता येऊन बगू द्या, पेशंट हायती का न्हाईत. मंग काय ते ठरवा."

सरपंच भला माणूस होता. त्यानं तसा ठराव केला आणि तालुक्याच्या साहेबांनी शुक्रवारची संध्याकाळ दिली. तेवढ्या एका संध्याकाळवर सगळं आलं. पेशंट दिसले तर वेळ राहणार, नाही दिसले तर पुसली जाणार.

त्या शुक्रवारी काय झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. पाच वाजता साहेबांची गाडी फाटकात आली, आणि बघते तर काय, चाळीसेक बाया लग्नाला आल्यासारख्या! सगळ्यांनी दुपारीच काम टाकून आंघोळी केलेल्या, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. अंगणात सडा, रांगोळी. आक्कानं पुढं होऊन साहेबांना ओवाळलं. फेटा बांधला, नारळ दिला. साहेब खूश. रांगेपुढनं चालत त्यांनी आपुलकीनं एकेकीला विचारलं, "काय त्रास आहे मावशी?"

"तुमच्या किरपेनं बरं हाय."

"तुम्हाला काय होतंय?"

"बरं हाय की. काय न्हाई."

जिचा गुडघा चार वर्षं सरळ होत नव्हता ती सखू जवानासारखी ताठ उभी. यमुनाला खोकल्याची उबळ आली, तर तिनं तोंडात पदर कोंबला आणि डोळ्यांतनं पाणी आलं तरी खोकली नाही. एकीनं बोटाचं सडलेलं नख लुगड्याच्या घोळात लपवलं. पाव्हण्यापुढं रडगाणं गायचं कसं? मी दारात उभी राहून हातानं खुणा करत होते, सांगा, अगं सांगा की! त्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय. साहेबांनी चहा घेतला, गाडीत बसताना डॉक्टरांना म्हणाले, "गाव छान निरोगी दिसतंय." आणि एक तारखेपासून सायंकाळची वेळ बंद करायला तोंडी मान्यता देऊन गेले.

गाडी वळणापलीकडं गेल्यावर मी आक्कावर भडकले. "काय केलंत हे आक्का! ओवाळायला बोलावलं होतं का त्यांना? पेशंट दाखवायचे होते ना?"

ती ताट हातात घेऊन तशीच उभी होती. निरांजन अजून जळत होतं. मग मटकन पायरीवर बसली. "मिल्ट्रीत विन्स्पेक्शन असलं की समदं चकाचक करायचं असतंय," ती म्हणाली. "मी तसंच केलं गं. डोस्कं फिरलं माजं." आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. तिला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं. मला तिच्याशेजारी बसायचं होतं. बोलायचंही होतं. पण साडेसहाच्या गाडीची वेळ झाली आणि मी गेले.

सोमवारी सकाळी मी दार उघडायला आले तर वरच्या पायरीवर एक केसपेपर, आणि तो उडू नये म्हणून त्यावर एक दगड. त्याच्यामागं दुसरा केसपेपर, त्यावर दगड. तिसरा, चौथा. पायऱ्या, व्हरांडा, फाटकापर्यंत नुसती दगडांची रांग. जात्याचा तुकडा, विटेचा तुकडा, नदीतला गोटा. प्रत्येकीनं आपापला ओळखू येईल असा आणलेला. आक्का खुरपं कमरेला लावून फाटकात उभी.

"नंबर धरलेत," ती म्हणाली. "आमी पाचाला येतो. तवर कुनी हलवायचं न्हाई. सकाळच्या पेशंटला कडंनं वाट ठेवलीया."

दिवसभर सकाळचे पेशंट कडेकडेनं आले-गेले. डॉक्टर चिडले, शिपायाला म्हणाले, उचल हे. शिपाई त्याच गावचा. एका दगडाखाली त्याच्या आईचा कागद होता. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. सव्वाचारला मी कुलूप लावलं आणि दगडांवरनं पाय उचलून उचलून फाटकाबाहेर पडले. लाज वाटत होती, तरी पडले. मंगळवारीही पडले.

बुधवारी मला तो पहिला कागद दिसला. म्हणजे रोजच तिथं होता, मी वाचला नव्हता. वरच्या पायरीवरचा, एक नंबरचा. सुरेखाचा गरोदरपणाचा कागद. सातव्या महिन्याच्या रकान्यापर्यंत भरलेला, पुढं कोरा.

मी शेजारच्या काकूंना फोन केला, पोरीला जेवायला घाला म्हटलं आणि खुर्चीत जाऊन बसले. साडेचारची गाडी हॉर्न वाजवत गेली. पाच वाजता बाया आल्या, पायाला चिखल, हाताला उसाच्या पात्यानं कापलेलं, आणि आपापला दगड उचलून आपापल्या जागी उभ्या राहिल्या. आक्का नेहमीसारखी खालच्या पायरीवर बसली आणि डबी काढली. मी जेवढं करता येईल तेवढं केलं. रक्तदाब बघितला, जखमा धुतल्या, डॉक्टरांना दाखवायचे ते वेगळे लिहून ठेवले. दुपारच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा नावं लिहिली. पान पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही बघितली. "तुम्हाला कुणी सांगितलं थांबायला?"

"पाटीनं," मी म्हणाले.

मी रोज थांबायला लागले, दगडही रोज लागत राहिले. पुढं आठ-दहा दिवसांनी तालुक्याचे साहेब दुसऱ्याच कुठल्या कामाला त्या रस्त्यानं चालले होते. त्यांना फाटकापर्यंत आलेले दगड दिसले. न सांगता आले, म्हणून बरं झालं. सांगून आले असते तर पुन्हा ओवाळलं असतं! दुपारचे तीन वाजले होते. अंगणात माणूस नाही, नुसते दगड. साहेब म्हणाले, "हा काय प्रकार?"

"दुपारचे पेशंट आहेत साहेब. रानात गेलेत. पाचला येतील."

त्यांनी वरच्या पायरीवरचा दगड बाजूला केला आणि कागद उचलून वाचला. "ही सातव्या महिन्यानंतर आली नाही?"

"आली होती साहेब," मी म्हणाले. "सव्वाचारनंतर आली. मीच तिला म्हणाले, उद्या ये. बाळ गेलं तिचं."

साहेबांनी मग कागद होता तसा ठेवला, त्यावर दगड ठेवला, आणि आत खुर्ची घेऊन पाच वाजेपर्यंत बसले. पाचला सखू आली ती लंगडत आली. यमुना पोटभर खोकली. कुणालाच लपवायला वेळ मिळाला नाही.

त्यानंतरच्या बैठकीला साहेब स्वतः आले. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, डॉक्टरांसकट दवाखाना उघडा राहील असं ठरलं. बाकीच्या दिवशीही दाराला सहापर्यंत कुलूप नाही, आळीपाळीनं कुणीतरी बसेल. लिहून झालं, सह्या झाल्या, मंडळी उठायला लागली. तेवढ्यात आक्कानं हात वर केला.

"आजून एक ऱ्हायलं. ही शिष्टर. मंगळवारी आनी शुक्रवारी तिनं दुपारनं यायचं. सकाळच्याला तिला घरी ऱ्हाऊ दे, बाकीच्या दिवशी साडेचारच्या गाडीला सोडा. तिची पोरगी कराडात जिन्यात बसून असती. आनी साडेसाची गाडी दवाखान्याम्होरं थांबाय पायजे, ही बाई अंधाराचं फाट्यापतोर चालत जानार न्हाई. लिवा."

साहेबांनी लिहून घेतलं. मला मान वर करता येईना. पोरगी जिन्यात बसते हे मी तिला कधीतरी एकदा, मिश्रीवरनं भांडताना, रागाच्या भरात सांगितलं होतं. माझी गाडी, माझी पोर, माझं कुलूप, तिला सगळं माहीत होतं. आणि मागं राहिलेलीच्या पातीला समोरनं लागावं तशी ती माझ्या बाजूनं बोलत होती. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. मी फक्त "थँक्यू आक्का" म्हणाले. तेही पुटपुटत.

त्या संध्याकाळच्या दवाखान्यात मी पुढं पाच वर्षं काढली. माझ्या नोकरीतली तीच वर्षं मला हवीहवीशी वाटतात. मंगळवार-शुक्रवार, उन्हं उतरलेली, अंगणात खुरपी एकीकडं ठेवलेली, बायांचा गलका, आणि त्यावर आक्काचा आवाज, "लायनीत या गं!" सुरेखाला पुन्हा दिवस राहिले. दर शुक्रवारी आक्का तिला घेऊन यायची आणि माझ्यापुढं बसवून म्हणायची, "बगा." एवढंच. मी रक्तदाब दोनदा बघायची, तीनदा बघायची. मुलगी झाली, चांगली तीन किलोची. आक्कानं पेढा माझ्या तोंडात कोंबला. तेव्हाही मला वाटलं, आत्ता बोलावं. तिनं तरी बोलावं. एकदा तरी म्हणावं, "शिष्टर, त्या दिवशी तू असं का केलंस?" नाही म्हणाली.

माझी बदली झाली तेव्हा तिनं ओंजळभर हळकुंडं आणि तिचं ठरलेलं वाक्य दिलं, "जावा. जल्दी जल्दी." मी गाडीत बसले. गाडी दवाखान्यापुढंच थांबली होती.

मग वर्षं गेली. मुलगी शिकली, नोकरीला लागली. मी निवृत्त झाले. कराडच्या घरात संध्याकाळी पाच वाजले की मला काही सुचत नाही. उगाच दार उघडते, व्हरांड्यात उभी राहते. कोण येणार असतं? हळकुंडं मी दळली नाहीत. डब्यात आहेत. झाकण उघडलं की तो अंगणातला वास येतो असं मला वाटतं, मुलगी म्हणते नुसता हळदीचा येतो.

परवाच्या पावसाळ्यात डोळ्यांचं दाखवायला सांगलीला गेले होते, एका मोठ्या दवाखान्यात. गार हवा, चकचकीत फरशी, भिंतीवर तांबड्या आकड्यांनी नंबर. बसायला जागा शोधत होते, तर एका बाकड्यावर एक फाईल, आणि फाईलवर दगड. नदीतला गोटा, गुळगुळीत. माझे पाय तिथंच थांबले.

शेजारी आक्का बसली होती. केवढीशी झाली होती! लुगड्यात नुसती हाडं. बाजूला सुरेखा, तिच्या बाजूला उंच झालेली नात. सुरेखानं मला लगेच ओळखलं, हात धरला. "शिष्टर! आवं बसा की." मग हळू आवाजात म्हणाली, "आत्या आता कुनाला वळखत न्हाईत. मला बी कवा कवा न्हाई. पर हा दगड घेतल्याबिगार घरातनं भाईर पडत न्हाईत. मगाशी वाचमन काडाय लागला, तर त्याच्या अंगावर गेल्या."

मी विचारलं, "दवाखाना?"

"हाय की चालू, मंगळवार-शुक्कर. मदी नवीन शिष्टर आल्ती, तिनं बंद केल्ता. आमी पायरीवर दगडं मांडली. चार दिसांत उगाडला." ती हे सहज सांगत होती. ज्या पोरीला मी दारातनं परत पाठवलं, ती.

सुरेखा कागद दाखवायला खिडकीकडं गेली आणि नात पाणी आणायला. मी आक्काशेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे निवळ होते, पण त्यात मी नव्हते.

"कुटल्या गावची गं तू?"

"कराडची."

"लांबनं आलीस," ती म्हणाली आणि बोटानं रिकाम्याच हिरड्या चोळायला लागली. डबी सुटली होती, सवय राहिली होती.

मग मी बोलले. इतकी वर्षं राहून गेलेलं त्या गार हवेत, अनोळखी माणसांत बोलले. "आक्का, त्या दिवशी सुरेखा आली तेव्हा मी कुलूप लावलं. मला दिसत होतं तिला काय होतंय ते. तरी मी गेले. तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मला बोला आता. शिव्या द्या."

ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली होती. त्यात सव्वाचार वाजले होते. मग एकदम तिचा चेहरा हलला. तिनं आपल्या फाईलवरचा दगड उचलला, माझ्या मांडीवरची फाईल ओढून घेतली, बाकड्यावर ठेवली आणि तिच्यावर तो दगड ठेवला.

"ऊठ बाई," ती म्हणाली. "साडेचारची गाडी जाईल तुजी. पोरगी जिन्यात बसली असंल. जा तू. तुजा नंबर मी धरते."